वेर्ण्याच्या इंटरव्ह्यूआधी प्रोसेसरची कॅश स्वतः मोजून बघा

फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणाऱ्या आणि पुढे वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एम्बेडेडची (यंत्रांच्या आतल्या छोट्या संगणकांवरची) नोकरी शोधणाऱ्या मुलांसाठी हे लिहितेय. कॅश (प्रोसेसरजवळची छोटी, वेगवान मेमरी), रॅम, रजिस्टर तुम्हाला ठाऊक आहेत. हिट-रेशोची (हवा तो आकडा कॅशमध्ये किती वेळा सापडतो त्याची) गणितंही गेट परीक्षेसाठी सोडवली असतील. तेवढ्यावर भागत नाही.

सी भाषेत ४०९६ बाय ४०९६ डबलचा (आठ बाइटच्या आकड्यांचा) अ‍ॅरे घ्या. बेरीज एकदा ओळीने करा, एकदा स्तंभाने. बेरजा तेवढ्याच, बिग-ओ (कामाच्या वाढीचा हिशेब) तोच, पण स्तंभवाल्याला कितीतरी जास्त वेळ लागतो. प्रोसेसर रॅममधून एकटा आकडा आणत नाही, सहसा ६४ बाइटची अख्खी कॅश लाइन उचलतो, म्हणजे आठ डबल. ओळीने आठही कामी येतात. स्तंभाने एक वापरायचा आणि ३२ केबी पुढे उडी मारायची.

इथवर सगळेच शिकवतात. मी अडकले ती मेख पुढे आहे. ३२ केबीच्या आठ-वे एल-वन (प्रोसेसरला सगळ्यात जवळच्या) कॅशमध्ये ६४ सेट, म्हणजे आठ-आठ लाइनचे कप्पे, असतात. ३२ केबीची उडी म्हणजे ५१२ लाइन, आणि ५१२ला ६४ने भागलं की बाकी शून्य. म्हणजे स्तंभातली प्रत्येक लाइन त्याच एका सेटमध्ये येते, आणि तिथे जागा फक्त आठ! नववी आली की आधीची एक बाहेर, आणि पुढच्या स्तंभाला तीच पुन्हा आणावी लागते. आता ओळीची रुंदी ४१०४ करा. उडी ५१३ लाइनची होते आणि लाइन सगळ्या सेटांत पसरतात. एल-वनमध्ये तरी मावणार नाहीत, ४०९६ लाइनना २५६ केबी लागतात. पण एल-टू, म्हणजे त्यापुढच्या पातळीचा कॅश, मोठा असेल तर तिथे टिकतात आणि वेळ उतरतो. ‘दोनचा घात आहे, बरं पडेल’ म्हणून आकार ठरवू नका.

सीनियरच्या नोट्समधले आकडे पाठ करणं तर सोडूनच द्या. एम-वन चिपच्या मॅकवर लाइन १२८ बाइटची आहे, तिथे पाठांतर काय कामाचं? उत्तर सांगणाऱ्यापेक्षा ‘मोजलंस का?’ विचारणारा माणूस गाठा.

घाबरू नका, साधा लॅपटॉप पुरतो. लिनक्सवर पर्फ स्टॅट (वेळ आणि कॅशच्या चुका मोजणारी आज्ञा) चालवा. व्हर्च्युअल मशीनमध्ये बऱ्याचदा प्रोसेसरचे हे मोजणारे काउंटर मिळत नाहीत, थेट मशीनवरच करा. ऑप्टिमायझेशन चढवलं तर कंपायलर कधी लूपच उलटवतो आणि फरक गायब होतो, तेव्हा आधी ते बंद ठेवा. आणि पावसात वीज गेली असेल तर थांबा, बॅटरीवर प्रोसेसरचा वेग उतरतो, आकडे जुळणार नाहीत.