दोन्ही अर्धा इंची, तरी गळतंय? आधी आटे ओळखा

माझ्याकडे एक पितळी बॉल व्हॉल्व्ह होता, अर्धा इंची. पाइपही अर्धा इंची. हाताने तीन-चार फेरे मस्त फिरला, मग पान्याने आवळला, आणि तरी थेंब थेंब चालूच. टेफलॉन (आट्यांवरची पांढरी टेप) काढला, परत गुंडाळला, मग दुप्पट गुंडाळला, असं चार वेळा केलं आणि शेवटी डोक्यात प्रकाश पडला की व्हॉल्व्ह एनपीटी (अमेरिकन पद्धतीचे आटे) आहे आणि पाइप बीएसपी (ब्रिटिश पद्धतीचे आटे).

फसायला होतं कारण अर्धा आणि पाऊण इंचीत दोन्ही प्रकारांचे इंचाला १४ च आटे असतात. म्हणून सुरुवातीला बसल्यासारखं वाटतं. पण बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६० अंश, त्यामुळे आट्यांच्या मध्ये बारीक फट राहते आणि पाणी गोल गोल फिरत बाहेर येतं.

तर ओळखायचं कसं? व्हर्नियर कॅलिपर आणि पिच गेज (पिच म्हणजे दोन आट्यांतलं अंतर, ते ओळखायची पात्यांची जुडगी असते ना, ती) एवढं जवळ असलं की झालं. आणि आटे आधी ब्रशने साफ करा, जुना टेफलॉन अडकलेला असेल तर सगळी मापं चुकतात.

पहिलं बघा, आटे सरळ आहेत की निमुळते. मेल फिटिंगचा (बाहेरून आटे असलेल्या) व्यास टोकाला मोजा आणि मग मागे शेवटच्या पूर्ण आट्यावर मोजा. दोन्हीकडे सारखा आला तर सरळ. निमुळत्यात १६ मिमी लांबीला व्यास साधारण १ मिमी वाढतो, नुसत्या डोळ्याला हे पटकन दिसत नाही. एनपीटी कायम निमुळता. बीएसपीत दोन्ही मिळतात, सरळ असेल तर त्यावर ‘G’ हे अक्षर लिहिलेलं असतं आणि निमुळत्या मेलवर ‘R’.

मग साइज. इथे एक गंमत आहे, अर्धा इंची आटे मोजले की १२.७ मिमी येत नाहीत, जवळपास २१ येतात, कारण हे नाव जुन्या पाइपच्या आतल्या भोकावरून पडलंय. पाव इंची साधारण १३ ते १४, पाऊण इंची २६ ते २७, एक इंची ३३ च्या आसपास. व्यासावरून फक्त साइज ठरवा, प्रकार ठरवू नका. कागदावर अर्धा इंची बीएसपी २०.९६ आणि एनपीटी २१.३४ आहे खरं, पण निमुळत्या आट्यावर कॅलिपर थोडा पुढेमागे झाला तरी एवढा फरक पडतोच.

आता पिच. पाव इंचीत काम सोपं, बीएसपीचे इंचाला १९ आटे, एनपीटीचे १८. एक इंचीत ११ आणि साडेअकरा. अर्धा-पाऊण इंचीत मात्र पिच काहीच सांगत नाही, तिथे कोनच बघावा लागतो. ५५ अंशाचं १४ नंबरचं (इंचाला १४ आटेवालं) पातं आट्यांवर टेकवा आणि मागे मोबाइलचा टॉर्च धरा. उजेड कुठूनच येत नसेल तर बीएसपी, फटीतून उजेड दिसला तर ६० अंशाचं पातं लावून खात्री करा. शिवाय बीएसपीचे माथे गोलसर असतात, एनपीटीचे चपटे, पण घासलेल्या जुन्या फिटिंगवर यावर विसंबू नका.

दोन आट्यांतलं अंतर बरोबर १ किंवा १.५ मिमी असं नीट आकड्यात आलं तर ते मेट्रिक असणार. नळाच्या तोंडाची जाळी बहुतेक अशीच असते, बाहेरचे आटे २४ मिमी आणि पिच १.

जोडताना सरळ आट्यांना वॉशर किंवा ओ-रिंग लागते, तिथे सील आट्यांवर होत नाही, त्यामुळे कितीही टेफलॉन गुंडाळा, फरक पडणार नाही. निमुळत्याला टेफलॉन हवाच, आट्याचं टोक आपल्याकडे करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळायचा, नाहीतर आवळताना तो सुटून गोळा होतो.

आणि प्रकारच वेगळे निघाले तर जोर लावू नका, फीमेल (आतून आटे असलेल्या) बाजूला तडा जातो. एका बाजूला एनपीटी आणि दुसऱ्या बाजूला बीएसपी असलेला अ‍ॅडाप्टर मिळतो. माझा व्हॉल्व्ह त्यावरच बसला, पाचव्या प्रयत्नात.