जुनं बिलियर्ड टेबल ओळखावं कसं, घ्यावं कसं

इंदुरात कुठल्याही जुन्या बिलियर्ड टेबलाची चौकशी करा, विकणारा दुसऱ्या वाक्यापर्यंत होळकरांवर येतोच. "साहब, राजवाडे का माल है." एवढं म्हणून तो आवाज खाली आणतो आणि किंमत सांगतो. त्याचं ऐकून घ्या, चहा प्या, पण किंमत त्या गोष्टीची देऊ नका. यशवंतराव होळकरांच्या माणिकबाग राजवाड्यातलं फर्निचर १९८० मध्ये मोनॅकोत सदबीजच्या लिलावात गेलं. ज्या वस्तूला असा खरा इतिहास असतो, तिच्यामागे कुठे ना कुठे कागद असतो. कागद नसेल तर टेबलालाच विचारायचं, आणि टेबल खरं बोलतं ते खालच्या बाजूने.

माळव्यात अशी टेबलं निघतात याला कारण आहे. १८१८ च्या मंदसौरच्या तहानंतर इंदूरजवळच्या महूला इंग्रजांची छावणी बसली, आणि छावणी म्हणजे ऑफिसर्स मेस, मेस म्हणजे बिलियर्ड रूम. स्नूकर जन्मला तोही आपल्याच बाजूला, १८७५ मध्ये जबलपूरच्या मेसमध्ये, नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याच्या हातून. (पुढे पंतप्रधान झालेले चेंबरलेन वेगळे.) इंदूरचा यशवंत क्लब १९३४ चा. तेव्हा शोध घ्यायचा तो क्लब, मेस, रेल्वे इन्स्टिट्यूट आणि गिरण्यांच्या जुन्या बंगल्यांमधून निघणाऱ्या सामानाचा. लिलावाच्या नोटिसा वाचत जा आणि दोन-तीन कबाड्यांकडे आपला नंबर देऊन ठेवा.

आधी टेप लावा

आपल्याकडे सगळ्यालाच सरसकट 'पूल टेबल' म्हणतात. पण पार्लरमधली पूल टेबलं बहुतेक नव्वदीनंतरची, त्यांत जुनं म्हणावं असं फारसं काही नाही. मेस किंवा क्लबातून निघतं ते इंग्लिश बिलियर्ड-स्नूकरचं टेबल: बारा फूट बाय सहा फूट, आठ पाय. नऊ-दहा फुटी लहान इंग्लिश टेबलांना बहुधा सहा पाय असतात. त्यामुळे नऊ फुटी टेबल दिसलं की ते अमेरिकन पूलचं की इंग्लिश, हे पॉकेटच्या, म्हणजे बॉल पडायच्या खळगीच्या तोंडावरून ठरवा. इंग्लिश टेबलात कुशन (कडेची रबरी पट्टी) पॉकेटपाशी गोलाईने आत वळते आणि तोंड अरुंद असतं. पूल टेबलात कुशन सरळ कोनात कापलेली असते आणि तोंड ऐसपैस.

त्याच टेपने घरी जाऊन खोलीही मोजा. क्यू (बॉल मारायची काठी) मोकळेपणाने मागे घेता यायला हवा, तर बारा फुटी टेबलाला साधारण २२ फूट बाय १६ फूट जागा लागते आणि नऊ फुटी पूल टेबलाला १८ बाय १४. अख्ख्या बारा फुटी टेबलाचं वजन सव्वा टनाच्या आसपास भरतं. जुन्या वाड्याच्या लाकडी पाटणीवर ते चढवायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा.

मग टेबलाखाली शिरा

जुने कपडे घाला, मोबाइलचा टॉर्च लावा आणि सरळ जमिनीवर उताणे व्हा. विकणाऱ्याला हे आवडत नाही, हेही एक लक्षणच समजा.

पहिल्यांदा कापडाखालचा दगड बघा. बारा फुटी टेबलात स्लेटचे पाच तुकडे शेजारी शेजारी बसवलेले असतात, जाडी दीड ते दोन इंच. लंडनच्या थर्स्टन या टेबल बनवणाऱ्या पेढीने १८२६ च्या सुमारास स्लेट वापरायला सुरुवात केली. त्याआधी टेबलाचा तळ लाकडी असे, आणि तसं टेबल तुम्हाला महूत सापडणार नाही. चांगल्या स्लेटचा रंग करडा, निळसर किंवा जांभळट असतो. आपल्याकडे एक गोष्ट मुद्दाम तपासावी लागते. कोटा जवळ असल्याने फुटलेल्या स्लेटच्या जागी कोट्याची फरशी बसवलेली असू शकते, आणि अंधारात दोन्ही सारख्याच दिसतात. खालून, कडेला, खिळ्याने जरासं खरवडा आणि त्या भुकटीवर लिंबाचे दोन थेंब टाका. कोटा हा चुनखडीचा दगड, त्याची भुकटी बारीक फसफसते. स्लेट ढिम्म राहते. पाचही तुकडे असे बघा, एकावर थांबू नका. सांध्यांपाशी आणि बोल्टच्या भोकांभोवती चिरा आहेत का, तेही बघून घ्या.

दुसरं, सांगाड्यावरचे आकडे. सुताराने पाय आणि आडव्या तुळ्या कुठल्या कुठे बसतात ते कळावं म्हणून पटाशीने रोमन आकडे कोरलेले असतात. पायावर सात आणि त्याला भिडणाऱ्या तुळईवरही सात, असं जुळत गेलं तर टेबल एकसंध आहे. पायावर तीन, तुळईवर सहा आणि पुढचा पाय कोराच, असं असेल तर दोन टेबलांचं मिळून एक केलेलं आहे. ते खेळायला उत्तम असू शकेल, पण संग्राहकाने त्याची पूर्ण किंमत मोजू नये.

तिसरं, स्क्रू आणि बोल्ट. अधिकच्या खुणेचे, म्हणजे फिलिप्स स्क्रू १९३० च्या दशकात आले. 'अठराशे सत्तरच्या' टेबलाच्या मूळ सांध्यात तसा स्क्रू दिसला तर तिथे नंतर कुणीतरी हात घातला आहे. मेट्रिक पाने ज्या बोल्टला चपखल बसतात तो बोल्टही नंतरचा, कारण आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदाच १९५६ चा. इंचाच्या पान्याने फिरणारे, डोकं गंजून काळं पडलेले बोल्ट सगळीकडे सारखेच असतील तर ती चांगली खूण.

शेवटी वाळवी. पायाचा तळ आणि भिंतीकडची तुळई स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टोक आत गेलं तर किंमत पाडायच्या भानगडीत न पडता निघून या.

पाटी वाचा, पण शेवटी

बहुतेक लोक बनवणाऱ्याच्या नावाच्या पाटीपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. दोन स्क्रू काढले की पाटी या टेबलावरून त्या टेबलावर जाते. सांगाड्याने साक्ष दिल्यावरच तिला महत्त्व द्या. मग मात्र ती फार उपयोगी पडते, विशेषतः तिच्यावरचा पत्ता. थर्स्टनच्या पाटीवर 'कॅथरिन स्ट्रीट' असेल तर टेबल १९०१ च्या आधीचं, 'लेस्टर स्क्वेअर' असेल तर नंतरचं, कारण कंपनीने त्या साली जागा बदलली. बरोज अँड वॉट्स ही दुसरी मोठी लंडनची पेढी, १८३६ ची, पत्ता सोहो स्क्वेअर. कुशनवर 'स्टील व्हॅक्यूम' लिहिलेलं दिसलं तर ते याच पेढीचं. अमेरिकन टेबलावर 'ब्रन्सविक-बाल्क-कोलेंडर' असं लांबलचक नाव असेल तर ते १८८४ ते १९६० मधलं. कोलकात्याच्या लाझरस कंपनीची पाटी निघाली तर हिरमुसू नका. शिसवी किंवा सागवानात घडवलेलं देशी टेबल आपल्या हवेत विलायती महोगनीइतकंच, किंबहुना जास्त टिकतं, आणि माझ्या मते त्याला अजून पुरेसा मान मिळालेला नाही.

पायांच्या घाटावरून काळाचा नुसता अंदाज येतो. खरादलेले, खोल पन्हळींचे जाडजूड पाय व्हिक्टोरियन वळणाचे, आणि चौकोनी साधे पाय बहुधा विसाव्या शतकातले. पण जुना घाट नंतरही बनत राहिला, म्हणून एकट्या पायावर निकाल देऊ नये.

कापडाला भुलू नका

फाटलेलं कापड, लोंबणारी पॉकेटची जाळी, उडालेलं पॉलिश, हे सगळं नवं करता येतं. उलट नवंकोरं हिरवं कापड दिसलं की मला जास्त शंका येते, कारण त्याखाली स्लेटचे सांधे दिसत नाहीत. कुशनचं रबर अंगठ्याने दाबा. दगडासारखं लागलं किंवा कुरकुरलं तर रबर बदलण्याचा खर्च धरा.

बॉलच्या बाबतीत मात्र सावध राहा. जुन्या पेटीत हस्तिदंती बॉल निघू शकतात. निरखून पाहिलं तर त्यांवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक वक्र रेषांची जाळी दिसते. सेल्युलॉइडचा बॉल जोराने घासला तर कापराचा वास येतो. हस्तिदंत असेल तर पेटी तिथेच ठेवा. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याची खरेदी-विक्री गुन्हा आहे, आणि 'आजोबांच्या काळातलं आहे' हे उत्तर चालत नाही. टेबलाबरोबर भिंतीवरचा मार्किंग बोर्ड (गुण मांडायचा फळा), क्यूचा स्टँड, लांब रेस्ट (क्यू टेकवायचा दांडा) आणि टेबलावरचा दिव्यांचा सांगाडा मिळत असेल तर तो आधी मागून घ्या. नंतर या वस्तू वेगळ्या शोधताना जीव जातो.

पैसे देण्याआधी

क्लब किंवा मेसच्या लिलावातलं टेबल असेल तर लिलावाची पावती हवी. खाजगी घरातलं असेल तर साध्या कागदावर विक्रीचा करार, फोटोसकट. शंभर वर्षांहून जुनी कारागिरीची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते आणि ती खाजगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलाकडे टेबल पाठवायचा बेत असेल तर आधी नीट चौकशी करा.

खोलणं आणि नेणं

खोलण्याआधी प्रत्येक सांध्याचा फोटो घ्या आणि खडूने नंबर टाका. पॉकेट, कुशन, कापड, स्लेट, सांगाडा, हा क्रम. स्लेटचा एकेक तुकडा दीडशे-पावणेदोनशे किलोचा असतो, चार तगडे गडी हवेतच. तुकडा नेहमी उभा, कडेवर धरून न्यायचा. आडवा धरला तर स्वतःच्याच वजनाने मध्ये तडकतो. टेंपोतही गाद्या लावून उभाच टेकवा आणि दोर आवळा. महू ते इंदूर अंतर थोडंच आहे, पण स्पीड ब्रेकर किती आहेत ते तुम्हाला ठाऊक आहे. हमालांबरोबर पार्लरची टेबलं बसवणारा एखादा फिटर घ्या. क्लबातले जुने मार्करही (खेळाचे गुण मांडणारे) अशा फिटरची नावं सांगतात.

बसवणं

पानसळ (स्पिरिट लेव्हल) लावून आधी सांगाडा समतल करा, मग स्लेट ठेवून पुन्हा लावा, लांबीत, रुंदीत आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. फरक पाचरींनी काढायचा. सांधे भरून, घासून एकसारखे झाल्यावर कापड ताणायचं. स्नूकरच्या कापडाची लव बॉकच्या, म्हणजे खेळ सुरू होतो त्या बाजूकडून काळ्या बॉलकडे जाते, तशीच बसवा आणि पुढे ब्रशही त्याच दिशेने मारा.

इंदूरच्या तळमजल्यांवर आणखी एक काम वाढतं. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्याबरोबर जुन्या घराची फरशीही सूतभर हलते. चालायला ते जाणवत नाही, पण हळू सोडलेला बॉल लगेच एका अंगाला झुकतो. म्हणून पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आणि पुन्हा मे महिन्यात पानसळ लावा. फिटरशी व्यवहार ठरवतानाच या दोन फेऱ्या मजुरीत धरून घ्या.