काजूची बी, सामाईक सातबारा आणि उपजीविकेची नोकरी

समाजकार्य, कृषी किंवा ग्रामीण व्यवस्थापन शिकलेली मुलं-मुली कोकणात उपजीविकेच्या कामावर रुजू होतात तेव्हा पदाची नावं वेगवेगळी असतात. कुणी उमेद अभियानात (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान), कुणी माविमच्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) केंद्रात, कुणी संस्थेच्या प्रकल्पावर. काम मात्र एकच आहे: गावात पिकतं त्याचा पैसा गावातच जास्त राहील असं काहीतरी उभं करायचं. मी कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात हे काम करते. नव्या सहकाऱ्यांना सुरुवातीलाच जे सांगते, ते इथे लिहिते आहे.

योजनांची पुस्तिका उघडण्याआधी गावाचं वर्ष कागदावर मांडा. फेब्रुवारी ते मे काजू बी. मार्च ते मे आंबा. एप्रिल-मे रतांबे, म्हणजे कोकमाची फळं, आणि पाऊस लागला की उरलेले झाडाखाली कुजतात, कारण आमसुलाला ऊन हवं. (दापोलीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली ‘कोकण अमृता’ ही जात पावसाआधी तयार होते, म्हणून लागवडीची गोष्ट निघाली की तिचं नाव जरूर घ्या.) 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, त्याच दिवसांत भातलावणी. भाद्रपदात गणपती, दसरा-दिवाळीच्या सुमारास कापणी, फाल्गुनात शिमगा. हा कागद भिंतीवर असला की मे महिन्यात प्रशिक्षण लावायचं धाडस होणार नाही. बायका तेव्हा बागेत असतात. आणि कोकम सरबताचं प्रशिक्षण ऑगस्टमध्ये लावलंत, तर रतांबे आणणार कुठून?

आता मुख्य गोष्ट. इथले बचतगटाचे उद्योग यंत्राअभावी बंद पडत नाहीत, खेळत्या भांडवलाअभावी, म्हणजे कच्चा माल घ्यायला हाताशी पैसा नसल्यामुळे पडतात. काजूचं उदाहरण घ्या. एका गटाने रोज 100 किलो बी फोडायची ठरवली आणि वर्षात 200 दिवस काम चालवायचं म्हटलं, तर 20 टन बी लागते. हिशेबापुरता भाव किलोला 120 रुपये धरा. झाले 24 लाख. आणि ही बी वर्षभर मिळत नाही, हंगामातच घेऊन, वाळवून साठवावी लागते. म्हणजे काम डिसेंबरपर्यंत, पण पैसे एप्रिलमध्ये हवेत. एका गटाच्या बैठकीत मी अनुदानाचा तक्ता समजावत होते, तेव्हा मागे बसलेल्या काकी म्हणाल्या, “योजना ऱ्हवांदे मॅडम, बी घेवक पैसे खंयसून हाडूचे?” (योजना राहू दे, बी घ्यायला पैसे कुठून आणायचे?) सगळ्या बैठकीतला तो नेमका प्रश्न होता.

प्रधानमंत्री सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत 35 टक्के, कमाल 10 लाख अनुदान आहे, पण ते यंत्रसामग्री आणि बांधकामावर. खेळत्या भांडवलावर नाही. शिवाय ही रक्कम गटाच्या हातात पडत नाही. बँकेत कर्जखात्याशी जोडून राहते आणि 3 वर्षं खातं सुरळीत चाललं, उद्योग सुरू राहिला, तर कर्जात वळती होते. हे गटाला पहिल्या बैठकीतच स्पष्ट सांगा. याच योजनेत बचतगटाच्या सभासदाला 40 हजारांपर्यंत बीजभांडवल मिळू शकतं, त्याची चौकशी आधी करा. प्रकल्प अहवाल लिहिताना मुदत कर्जाबरोबर कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलासाठी लागेल तसं उचलायच्या कर्जाची) मर्यादा मागा, आणि ती फेब्रुवारीच्या आत मंजूर होईल अशा बेताने फाईल पावसाळ्यातच बँकेत द्या. जूनमध्ये मिळालेलं कर्ज काजूवाल्या गटावर पुढच्या हंगामापर्यंत फक्त व्याज चढवतं.

भांडवल जमत नसेल तर छोटं सुरू करायला सांगा. पहिलं वर्ष मजुरीवर दुसऱ्याची बी फोडून द्यावी, हात बसतो. बी वाफवणं, कटरवर फोडणं, ड्रायर, साल काढणं, प्रतवारी, हे सगळं एखाद्या कारखान्यात दिवसभर उभं राहून बघा. शंभर किलो बीतून साधारण पाव हिस्सा गर निघतो. 320 नंबर म्हणजे एका पौंडात 300 ते 320 अखंड गर. पाकळी (दोन भाग झालेला गर) आणि तुकडा कमी भावात जातो, त्यामुळे नफा फोडणारीच्या हातावर ठरतो.

दुसरी अडचण जमिनीची, आणि ती कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत. शेडसाठी बँक जागेचा कागद मागते. सातबारा सामाईक, त्यावर आजोबांपासूनची नावं, निम्मे हिस्सेदार मुंबई-ठाण्यात. राबणाऱ्या बाईचं नाव बहुतेक वेळा त्यावर नसतंच. संमतीपत्रांचा मसुदा श्रावणातच तयार ठेवा आणि गणपतीत चाकरमानी घरी आले की सह्या घ्या. पण आरतीच्या वेळी नको, पाचव्या दिवसानंतर घर जरा मोकळं होतं तेव्हा. घरातल्या थोरल्या काकांना आधी जाऊन भेटा. तेही जमत नसेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर (घरपट्टीच्या नोंदवहीत) असलेलं घर किंवा पडवी भाडेकरारावर घेता येते का, हे शाखाधिकाऱ्याला आधी विचारा. आणि वेळ मिळेल तेव्हा लक्ष्मी मुक्ती योजनेची माहिती द्या: नवऱ्याने अर्ज केला तर त्याच्या जमिनीला बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागू शकतं. मला हे काम उद्योगाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

सगळेच उद्योग प्रक्रियेचे असावेत असंही नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ गटाच्या बायका पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. तिथे बी साठवायची नाही, रोजचा पैसा रोज येतो.

नोकरीबद्दल थोडं. बहुतेक पदं कंत्राटी आहेत. वरच्या अन्न प्रक्रिया योजनेत कर्ज प्रकरणं करायला मदत करणाऱ्या जिल्हा संसाधन व्यक्तीला महिन्याचा पगार नसतो, मंजूर कर्ज प्रकरणामागे मानधन असतं, तेही टप्प्याटप्प्याने. त्यामुळे पहिले काही महिने घरखर्चाची दुसरी सोय हवी. दुचाकी चालवता येणं आवश्यक आहे. मालवणी बोलता आली नाही तरी चालेल, समजली पाहिजे. मुलाखतीत योजनांची नावं सगळेच पाठ म्हणतात. तुम्ही ज्या तालुक्यात अर्ज करताय तिथला काजू बीचा यंदाचा भाव आणि व्यापारी तो कधी पाडतात, एवढं बाजारात विचारून जा.