एसएफ-6 ब्रेकरवर काम करताना गॅस हवेत सोडू नका, असं करा

सबस्टेशनमधल्या ब्रेकरमध्ये (सप्लाय तोडणारा मोठा स्विच) भरलेला एसएफ-6, म्हणजे सल्फर हेक्साफ्लोराईड गॅस 100 वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साईडच्या 23 हजार पटींहून जास्त तापमान वाढवतो, म्हणून थोडासाच आहे म्हणून व्हॉल्व्ह उघडून द्यायचा हा प्रकार आधी बंद करा.

आधी आयसोलेशन, म्हणजे ब्रेकर सप्लायपासून पूर्ण तोडायचा, मग प्रत्येकाचं स्वतःचं कुलूप आणि टॅग. मग व्होल्टेज तपासा, पण टेस्टर आधी चालू सप्लायवर बघा, मग आपल्या ठिकाणी, मग परत चालू सप्लायवर, कारण मधेच बिघडलेला टेस्टर पण शून्यच दाखवतो. त्यानंतर अर्थिंग, म्हणजे तो भाग जमिनीला जोडायचा.

गॅस रिकव्हरी मशीननेच काढायचा. सिलेंडरचं वजन आधी आणि नंतर करून रजिस्टरला लिहा, किती निघाला किती गेला ते तिथेच कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हा गॅस हवेपेक्षा साधारण 5 पट जड असतो, वास नाही रंग नाही, केबल ट्रेंचमध्ये खाली साचून बसतो आणि ऑक्सिजन ढकलून देतो, त्यामुळे ऑक्सिजन मीटर खाली सोडून बघा, ऑक्सिजन 19.5 टक्क्यांपेक्षा कमी असेल तर कोणीही उतरायचं नाही, साहेब कितीही घाई करू देत.

ब्रेकर उघडल्यावर आत पांढरी पावडर दिसली तर ती विषारी समजा. ग्लोव्हज, रेस्पिरेटर हवाच. झाडू किंवा फुंकर नाही, हेपा फिल्टरचा (अगदी बारीक धूळ अडवणारा) व्हॅक्यूमच.

प्रेशर वारंवार पडत असेल तर नुसतं टॉपअप करत बसू नका, डिटेक्टर घेऊन गळती शोधा, बहुतेक वेळा गॅस्केट नाहीतर व्हॉल्व्हच्या जॉइंटपाशी सापडते.