गिटारच्या ड्रॉप डी ट्यूनिंगमध्ये जी आणि ई मायनर कॉर्ड बिघडतात? हे करून बघा

सहावी (सर्वांत जाड) तार ईवरून डीवर उतरवली (हेच ड्रॉप डी) की डी कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) मस्त घुमते, सहाही तारा बिनधास्त वाजवा. पण सवयीच्या जी, ई मायनर बेसूर लागतात. त्या एका तारेवरचा सूर दोन फ्रेट (गिटारच्या मानेवरचे कप्पे) पुढे गेलेला असतो, बस.

१. ई मायनर: एकच बोट आडवं, सहावी-पाचवी-चौथी दुसऱ्या फ्रेटवर. बाकी मोकळ्या (न दाबता वाजवा). नेहमीपेक्षा सोपी!

२. जी: सहावी पाचव्या फ्रेटवर. त्याच बोटाचं टोक पाचव्या तारेला हलकं टेकवून ती मुकी करा. चौथी, तिसरी, दुसरी मोकळ्या, पहिली वाजवू नका.

सैल तार जोरात दाबू नका, सूर चढतो.