काटा सुरू करण्याआधी सर्व्हरला विचारा

लातूरकडच्या एका साखर कारखान्यात मी काट्याचं सॉफ्टवेअर सांभाळतो. गळीत हंगामात रात्री दोनलाही उसाच्या ट्रॅक्टरांची रांग असते. लाइट जाऊन आली की सर्व्हर आपोआप उठतो आणि काट्यावरचा संगणक लगेच पावती मागू लागतो. एका रात्री पावती निघेचना. टॉमकॅटची (आमचं ॲप्लिकेशन चालवणारा सर्व्हर-प्रोग्राम) प्रोसेस चालू, ८०८० पोर्ट (त्याच्याशी जोडणीचं दार) उघडा, पण स्क्रीनवर नुसतं चक्र फिरत होतं. ऊस घेऊन आलेली माणसं ४० मिनिटं थंडीत खोळंबली. ते मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी मी सर्व्हर खरंच तयार आहे का हे विचारणारी ही तपासणी लिहायला बसलो.

पोर्ट उघडा म्हणजे सर्व्हर तयार, हे आधी डोक्यातून काढा. नेहमीच्या सेटिंगमध्ये टॉमकॅट सुरुवातीलाच पोर्ट धरून ठेवतो, ॲप्लिकेशन त्यानंतर चढतं. मधल्या वेळात जोडणी होते, उत्तर येत नाही. लॉगमध्ये (सर्व्हरच्या नोंदींच्या फाइलीत) 'सर्व्हर स्टार्टअप इन' ही ओळ शोधूनही भागत नाही: ॲप्लिकेशन चढताना पडलं तरी ती ओळ येते, आणि कालची ओळ त्याच फाइलीत पडून असू शकते.

म्हणून थेट ॲप्लिकेशनलाच विचारायचं. ते स्प्रिंग बूटवर (जावाची एक तयार चौकट) लिहिलेलं असेल तर त्यातल्या ॲक्च्युएटर या देखरेखीच्या भागाचा हेल्थ पत्ता वापरा. ठीक असेल तर २०० हा उत्तराचा कोड आणि 'अप' येतं, डेटाबेस तुटला असेल तर ५०३, म्हणजे 'सेवा उपलब्ध नाही'. आमचं ॲप्लिकेशन जुनं, म्हणून मी एक छोटं पान लिहिलं. ते डेटाबेसवर 'सिलेक्ट १' एवढीच क्वेरी चालवतं. उत्तर आलं तर 'तयार' हा एकच शब्द छापतं, नाही तर ५०३ देतं. या पानाला लॉगिन लावू नका. लावलं तर सर्व्हर ३०२ देऊन लॉगिनकडे वळवतो, आणि कर्ल (कमांडवरून पान मागवायचं साधन) त्याला चूक धरत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये २०० आणि 'तयार' दोन्ही तपासा.

स्क्रिप्ट साधी आहे. कर्लने ते पान मागवा, पण प्रत्येक वेळी ५ सेकंदांची कमाल मुदत द्याच. ती नसली तर अडकलेल्या सर्व्हरसोबत स्क्रिप्टही अडकते. उत्तर बरोबर नसेल तर ५ सेकंद थांबून परत विचारा. एकूण मर्यादा ठेवा, आमची ३ मिनिटांची आहे. तुमचा सर्व्हर उठायला किती वेळ घेतो ते चार-पाच वेळा मोजा आणि त्याच्या दुप्पट धरा. सर्व्हर तयार झाला तर एक्झिट कोड (स्क्रिप्ट संपताना देते तो आकडा) ०, मुदत संपली तर १. काट्याचा प्रोग्राम ० मिळाल्यावरच उघडतो.

१ आला तर शेवटचं उत्तर वेळेसकट फाइलीत लिहून ठेवा. रात्री फोन आला की मी तेच आधी वाचायला सांगतो. ५०३ असेल तर डेटाबेस बघायचा, ४०४ असेल तर ॲप्लिकेशन चढलेलंच नाही, आणि जोडणीच नाकारली असेल तर टॉमकॅटच उठलेला नाही.