कोकणातून कंट्रोल टॉवरकडे: एटीसीच्या वाटेवर निघालेल्यांसाठी

मी एटीसीत, म्हणजे टॉवरमधून रेडिओवर विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्या एअर ट्रॅफिक कंट्रोलमध्ये, कंट्रोलर आहे. ९ ऑक्टोबर २०२१ ला सिंधुदुर्गातल्या चिपीचा विमानतळ सुरू झाला आणि गावाकडून मला येणाऱ्या फोनांचा विषयच बदलला. आधी लोक तिकीट स्वस्तात मिळेल का म्हणून विचारायचे (कंट्रोलर म्हणजे तिकीट खिडकीच्या आसपास बसणारं कोणीतरी, असा बऱ्याच जणांचा समज). आता विचारतात, "आमच्या झिलाक त्या लायनीत घालूचा आसा, खंयचा कॉलेज बरा?"

या प्रश्नाचं खरं उत्तर ऐकून पालकांचा थोडा विरस होतो. फी भरून प्रवेश घ्यावा आणि कंट्रोलर होऊन बाहेर पडावं, असं कॉलेज आपल्याकडे नाही. नागरी विमानतळांसाठी कंट्रोलरची भरती भारतीय विमानपत्तन प्राधिकरण करतं. आधी परीक्षा, मग नेमणूक आणि त्यानंतर प्राधिकरणाच्याच संस्थेत प्रशिक्षण, असा क्रम आहे. मुंबईसारखा विमानतळ खासगी कंपनी चालवत असली, तरी टॉवरमध्ये बसणारा माणूस प्राधिकरणाचाच असतो. दुसरी वाट संरक्षण दलांची. गोव्याच्या दाबोळीचा तळ नौदलाचा आहे आणि तिथला टॉवरही नौदलाकडे. इंजिनिअरिंग केलेल्या मुलामुलींना नौदलात शॉर्ट सर्व्हिस कमिशनमधून (ठराविक वर्षांपुरती अधिकाऱ्याची नोकरी) एटीसी शाखेत जाता येतं. आपल्याकडे ही वाट फारशी कोणाला ठाऊक नसते, तिची चौकशी जरूर करा.

हे एवढं आधी सांगायचं कारण म्हणजे बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या गावांतून झळकणारे बॅनर. निळं आकाश, विमान, टाय लावलेला मुलगा आणि खाली 'एव्हिएशनमध्ये करिअर'. त्यातले बरेचसे कोर्स ग्राउंड स्टाफचे असतात. चेक-इन काउंटर, बॅगा, प्रवाशांची व्यवस्था. ती कामंही चांगली आहेत आणि गोव्यातलं मोपा आणि नवी मुंबई हे विमानतळ झाल्यापासून अशी माणसं लागतातही. पण कोणी एटीसीचा डिप्लोमा म्हणून लाखभर रुपये मागत असेल, तर एकच प्रश्न विचारा: प्राधिकरणाच्या जाहिरातीत हा डिप्लोमा पात्रता म्हणून कुठे लिहिलाय, ते दाखवा. आमच्या वाडीतल्या एकाने न विचारता पैसे भरले. प्रमाणपत्र हातात आलं, आणि अर्ज भरताना ते लिहायला रकानाच नव्हता.

पात्रता साधी आहे. भौतिकशास्त्र आणि गणित घेऊन तीन वर्षांची पूर्णवेळ, नियमित बी.एस्सी., किंवा कोणत्याही शाखेची पूर्णवेळ इंजिनिअरिंग पदवी, ज्यात एखाद्या तरी सेमिस्टरला हे दोन्ही विषय झालेले असतील. खुल्या गटासाठी वयाची मर्यादा २७, ओबीसींना ३ आणि अनुसूचित जाती-जमातींना ५ वर्षांची सवलत. म्हणजे रत्नागिरीचं गोगटे-जोगळेकर किंवा सावंतवाडीचं पंचम खेमराज महाविद्यालय चालतं, इंजिनिअरिंगला फिनोलेक्स किंवा आंबवचं माने कॉलेजही चालतं. घरचा डबा खाऊन ही पदवी होते. बोर्डाच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी पहिला येतो, तेव्हा अभ्यास करणाऱ्या मुलांची आपल्याकडे वानवा नाही. आपली मुलं मागे पडतात ती विषय निवडताना. बारावीला गणित सोडून जीवशास्त्र घेतलं, नाहीतर बी.एस्सी.ला रसायन आणि वनस्पतिशास्त्राकडे वळलं, की हा दरवाजा बंद. बी.एस्सी.ला पुढे एकच मुख्य विषय उरतो, म्हणून पहिल्या वर्षापासूनच गुणपत्रिकांत भौतिक आणि गणित दोन्ही दिसतील असं पाहा. कॉलेजच्या कार्यालयात जाऊन प्रवेशाआधीच विचारून घ्या, तिथले लोक सांगतात.

परीक्षा संगणकावर होते. अलीकडच्या भरतीत १२० गुण, २ तास, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. निम्मा भाग इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमत्ता यांचा, निम्मा भौतिक आणि गणिताचा. ज्याने कॉलेजात मन लावून केलंय त्याला दुसरा भाग जड जाऊ नये. पुण्यातल्या महागड्या क्लासवाचूनही तो होतो, असं माझं मत आहे. क्लासवाले अर्थात वेगळं सांगतील.

लेखी सुटल्यावर कागदपत्रं, आवाजाची चाचणी, मानसशास्त्रीय चाचणी, अमली पदार्थांची तपासणी आणि वैद्यकीय. यातलं वैद्यकीय मी मुद्दाम आधी करून घ्यायला सांगते. कंट्रोलरला क्लास ३ मेडिकल, म्हणजे त्या दर्जाचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. चष्मा असला तरी ठराविक मर्यादेत चालतो. अडतं ते रंगांधळेपणावर. हा दोष असलेल्या मुलाला बहुधा तो आहे हेच माहीत नसतं, आंबा पिकलाय की नाही ते तो वासावरून ओळखत असतो. रंगीत ठिपक्यांतून आकडा ओळखायची इशिहारा चाचणी कोणताही डोळ्यांचा डॉक्टर पाच मिनिटांत करतो. पदवीची तीन वर्षं घालवण्याआधी ती करून घ्या.

आवाजाच्या चाचणीची मराठी माध्यमातली मुलं विनाकारण धास्ती घेतात. तिथे साहेबी उच्चार कोणी मागत नाही. वाचलेलं, बोललेलं स्पष्ट हवं आणि अडखळणं नको. रोज इंग्रजी बातमी मोठ्याने वाचा, घरच्यांना हसू दे. रेडिओवर आकडे तसेही वेगळ्या पद्धतीने बोलावे लागतात: थ्रीचं ट्री, फाइव्हचं फाइफ, नाइनचं नायनर, म्हणजे खरखरीतही ते एकमेकांत मिसळत नाहीत. तिथे कॉन्व्हेंटवाल्यांनाही नव्याने शिकावं लागतं.

निवड झाली की प्रशिक्षण. मुख्य संस्था प्रयागराजजवळ बमरौलीला आहे, १९४८ पासून. हैदराबादलाही केंद्र आहे, आणि आपल्या राज्यात गोंदियाला. मी बमरौलीला होते. तुतारीने दादर, तिथून पुढे उत्तरेची गाडी, आणि उतरल्यावर अंगावर येणारी कोरडी थंडी. मासे मिळतात, पण नदीचे. त्याबद्दल इथे न लिहिलेलंच बरं. प्रशिक्षणाची फी आपण भरायची नसते. उलट बाँड असतो: प्रशिक्षणानंतर ३ वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडल्यास ७ लाख रुपये भरायचे. मूळ पगार ४०,००० पासून सुरू होतो, वर भत्ते. घरी बाँड वाचून दाखवा, कारण सही करताना जामीनदार लागतो.

वर्गात हवाई नियम, दिशादर्शन, हवामान, विमानांचे प्रकार, शोध आणि बचाव असे विषय असतात. हवामानात कोकणातल्या मुलाचं पारडं जरा जड असतं. वारा जिकडून येतो त्या दिशेने सांगायचा, हे त्याला शिकवावं लागत नाही. दर्यावर जाणारं घर असेल तर खारे वारे आणि मतलई वारे त्याला पुस्तकाआधीच कळलेले असतात. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, म्हणून पावसाळ्यात मुंबईची विमानं बहुतेक वेळा पूर्वेकडून येऊन २७ नंबरच्या धावपट्टीवर उतरतात. २७ म्हणजे २७० अंश, पश्चिम. पावसाळी हवेचा दाबही असाच महत्त्वाचा. विमानाचं उंचीमापक खरं तर दाब मोजतं. दाब हेक्टोपास्कलमध्ये मोजतात, आणि एक हेक्टोपास्कलचा फरक म्हणजे साधारण २७ ते ३० फूट उंची. दाब दहाने उतरला आणि पायलटने नवा आकडा लावला नाही, तर विमान त्याला वाटतंय त्यापेक्षा पावणेतीनशे-तीनशे फूट खाली असतं. ढग सड्याला टेकलेले असताना एवढा फरक फार मोठा. म्हणून कंट्रोलर तो आकडा सांगतो आणि पायलटकडून पुन्हा वदवून घेतो.

या वदवून घेण्यातच निम्मं प्रशिक्षण जातं. सिम्युलेटरमध्ये तुमच्यासमोर पडदा, हाताशी कागदी पट्ट्या. प्रत्येक विमानाची एक पट्टी: नाव, प्रकार, उंची, वेळ. नवी उंची दिली की जुनी खोडून नवी लिहायची. दुसऱ्या खोलीत पायलटच्या भूमिकेत कोणीतरी बसलेलं, आणि मागे इन्स्ट्रक्टर उभा. आमच्या बॅचमधली केरळची एक मुलगी पट्टीवर होती. तिने एका विमानाला सात हजार फुटांवर उतरायला सांगितलं. इन्स्ट्रक्टरने आधीच शिकवून ठेवल्याप्रमाणे पलीकडून सहज आवाजात उत्तर आलं, 'डिसेंडिंग टू सिक्स थाउजंड'. त्याच वेळी दुसरं विमान धावपट्टीची परवानगी मागत होतं, फोन वाजत होता. तिने हातातलं पेन वर उचललं, फोन वाजू दिला आणि म्हणाली, 'निगेटिव्ह, आय से अगेन, डिसेंड टू सेव्हन थाउजंड फीट.' सहा हजारांवर तिची दुसरी पट्टी होती. इन्स्ट्रक्टर काही बोलला नाही, फक्त वहीत खूण केली. त्या संस्थेत ही शाबासकीच.

उंचीच्या आकड्याला एवढं का जपायचं, त्यासाठी चरखी दादरीची दोन विमानांची हवेतली टक्कर शिकवतात. १२ नोव्हेंबर १९९६, दिल्लीच्या पश्चिमेला. सौदी विमान १४,००० फुटांपर्यंत चढत होतं. समोरून येणाऱ्या कझाक विमानाने १५,००० वर थांबायचं होतं, ते आणखी खाली आलं. ३४९ माणसं गेली. दोन विमानांमध्ये उभं अंतर हजार फुटांचं असतं. कागदावर तो आकडा कोरडा वाटतो, त्या तासानंतर वाटत नाही.

गणितात हुशार मुलं इथे कधी कधी अडतात, आणि मध्यम गुणांची मुलं पुढे जातात. एका वेळी तीन गोष्टी ऐकायच्या, एकीला उत्तर द्यायचं आणि आवाज चढू द्यायचा नाही, हे ज्याला जमतं त्याचं हे काम. एकत्र कुटुंबात वाढलेल्यांना बरं जमतं, असं माझं निरीक्षण आहे.

प्रयागराजहून निघालं की लगेच माइक हातात येत नाही. ज्या विमानतळावर नेमणूक होईल तिथे अनुभवी कंट्रोलरच्या शेजारी बसून शिकायचं, त्यानंतर त्या जागेचं रेटिंग, म्हणजे तिथे स्वतंत्रपणे काम करायची परवानगी. बदली झाली की नव्या ठिकाणी पुन्हा शिकायचं, पुन्हा परीक्षा. पहिली नेमणूक घराजवळ मिळेल ही आशा धरू नका, देशात कुठेही पाठवतात.

पायलट व्हायचं असेल तर हिशेब वेगळा: २०० तासांचं उड्डाण, डीजीसीएचे (नागरी विमान वाहतुकीचं नियमन करणारं सरकारी महासंचालनालय) पेपर ७० टक्क्यांनी सुटायला हवेत, आणि खर्च अर्ध्या कोटीच्या वर. विमान दुरुस्तीच्या शाखेसाठी डीजीसीएची मान्यता असलेलीच संस्था पाहा. या दोन्ही वाटांबद्दल त्या वाटेने गेलेल्यांनाच विचारा.

ड्युटी शिफ्टची, सणावारीसुद्धा. घरून पहिली तक्रार येते ती गणपतीची. त्यावर आम्ही आपसात तोडगा काढलाय: बिहारच्या सहकाऱ्यांना छठला मोकळं करायचं, केरळच्यांना ओणमला, आणि भाद्रपदात ते आमच्या पाळ्या घेतात. (ओणम आणि चतुर्थी जवळजवळ आली की मग भांडणं.) रजा सहसा मिळते. कोकण रेल्वेचं आरक्षण मिळवायचा उपाय मात्र कंट्रोलर होऊनही सापडलेला नाही.